तालीममास्तर देवल

गोविंद बल्लाळ देवल हे नाव उच्चारताच गोमंतकीय रसिकाला ‘शारदा’, ‘मृच्छकटिक’ आणि ‘संशयकल्लोळ’ ही नाटके आठवतात. देवळांपुढच्या मंडपांत, जत्रोत्सवांच्या रात्री आमच्या कित्येक पिढ्यांनी ती जागून पाहिली आहेत. देवलांचे नाटककार म्हणून असलेले ऋण सर्वांनाच मान्य आहे. परंतु या पुरुषाच्या आयुष्याचा मोठा भाग नटांना शिकविण्यात खर्ची पडला, ही गोष्ट मात्र तितक्या अगत्याने सांगितली जात नाही. ती सांगणे आम्हांस आज आवश्यक वाटते.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी सांगलीजवळ कृष्णाकाठच्या हरिपूर येथे झाला. शिक्षणासाठी ते बेळगावास गेले आणि तेथे त्यांना शिक्षक लाभले ते अण्णासाहेब किर्लोस्कर. पुढे देवलांनीही बेळगावातच शिक्षकी पत्करली. किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे युग सुरू केले. त्यांच्या मंडळीत देवल नट म्हणून वावरले आणि तालीममास्तर म्हणून नावारूपास आले. ‘दिग्दर्शक’ हा शब्द त्या काळी रूढ नव्हता. काम मात्र तेच होते. १८८५ साली अण्णासाहेब अकाली निवर्तले, तेव्हा गुरूचा वारसा चालविणाऱ्यांत देवल अग्रभागी होते. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या नारायण श्रीपाद राजहंस या कोवळ्या मुलाचा नटसम्राट बालगंधर्व झाला, त्या घडणीत देवलांच्या तालमीचा वाटा मोठा आहे. गळा ही दैवी देणगी खरी. परंतु वाक्य कोठे तोडावे, शब्दावर भार किती द्यावा, दुसरे पात्र बोलत असता आपण कसे उभे राहावे, हे शिकवावेच लागते.

देवलांची बहुतेक नाटके आधारित आहेत. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे, ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून घेतलेले, तर ‘संशयकल्लोळ’चे मूळ इंग्रजीमार्गे मोलिएरपर्यंत जाते. ‘शारदा’ हे मात्र सर्वस्वी त्यांचे स्वतःचे. १८९९ साली इंदूर येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीला जरठाच्या गळ्यात बांधू पाहणारा बाप, दलाली करणारा मध्यस्थ आणि वयाचे भान सुटलेला वर ही माणसे त्यांनी व्यासपीठावरून धिक्कारली नाहीत. प्रेक्षकांच्याच घरगुती भाषेत बोलती केली. सभांना न जाणारा समाज नाटकाला जात होता. तेथे तो आधी हसला आणि मग स्वतःशीच खजील झाला. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक शारदा कायदा म्हणू लागले, ते तो मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून. तरीही मराठी माणूस त्या नावाचा संबंध देवलांच्या नायिकेशी जोडत राहिला. या गैरसमजातच नाटकाची थोरवी दिसते.

अखेरच्या काळात देवलांनी आपल्या जुन्या ‘फाल्गुनराव’ नाटकाला पदांची जोड देऊन ‘संगीत संशयकल्लोळ’ सिद्ध केले. १४ जून १९१६ रोजी ते निवर्तले; गंधर्व नाटक मंडळीने केलेला त्याचा प्रयोग पाहण्यास ते राहिले नाहीत.

आज आमच्याकडे नाट्यस्पर्धा होतात, नेपथ्य झळकते, पारितोषिके वाटली जातात. जुन्या संगीत नाटकांतील पदांच्या मैफली रंगतात. परंतु पदे सुटी करून गायिली, म्हणजे नाटक जगले असे नव्हे. ते जगते ते महिनोन्‌महिने चालणाऱ्या तालमीत, आणि गावातील होतकरू मुलामुलींना बोलावयास व उभे राहावयास शिकविणाऱ्या जाणत्या माणसापाशी. अशी माणसे आमच्या वाड्यावाड्यांत होती; त्यांची जागा भरून निघताना दिसत नाही. उत्सव समित्यांनी आणि सरकारच्या संस्कृती खात्याने रोषणाईवरील खर्चातला थोडा अंश गावोगावच्या तालीममास्तरांच्या मानधनाकडे वळवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. देवलांच्या तसबिरीला हार घालण्यापेक्षा त्यांचे काम पुढे चालविणे अधिक उचित होय.