कपाटाचे कुलूप काढणारा ग्रंथपाल

दरवर्षी १२ ऑगस्टला महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत एका पागोटेवाल्या, चष्मा लावलेल्या गृहस्थांच्या तसबिरीला हार घातला जातो. प्राचार्य दोन शब्द बोलतात, चहा होतो आणि ग्रंथपाल दिन संपतो. हा माणूस कोण आणि त्याने नेमके काय केले, हे हार घालणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन आपल्या चळवळीचे नव्हते. तंजावर जिल्ह्यातल्या शियाळी गावी १८९२ साली एका ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सामाजिक क्रांतीचे नेते म्हणून त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. तरीही ज्याच्या घरात पहिल्यांदाच पुस्तक आले, त्या विद्यार्थ्याचा आणि ग्रंथालयाचा संबंध बदलण्यात या माणसाचा वाटा मोठा आहे. म्हणून चळवळीच्या वाचकाने त्यांना ओळखून घेतले पाहिजे.

मुळात ते गणिताचे प्राध्यापक. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच कंटाळले. वाचक जवळजवळ नाहीत, काम नाही, बोलायला माणूस नाही. मला परत वर्गात घ्या, म्हणून ते जुन्या प्राचार्यांकडे गेले. आधी लंडनला जाऊन ग्रंथालयाचे शिक्षण घे, तरीही कंटाळा आला तर परत ये, असे ठरले. गंमत अशी की भारतीय ग्रंथालयशास्त्राचा जनक खुर्चीवरून पळून जायला निघाला होता.

बाबासाहेब लंडनचा अभ्यास संपवून १९२३ साली भारतात परतले आणि रंगनाथन पुढच्याच वर्षी तिथे पोहोचले. बाबासाहेब तिथल्या ग्रंथालयांत वाचक म्हणून बसले होते. रंगनाथन यांनी ती ग्रंथालये चालतात कशी, हे पाहिले. इंग्लंडमधली शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी पालथी घातली. तिथे कामगार, बायका, मुले स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक काढत होती. आपल्याकडे पुस्तक ही सांभाळून ठेवायची वस्तू होती. तिथे ती वापरायची वस्तू होती.

आपल्याकडे कपाटांना कुलूप का असे, त्याचे कारण साधे आहे. पुस्तक गहाळ झाले की जाब ग्रंथपालाला, वसुलीही त्याच्याकडून. ज्याच्या पगारातून पैसे कापले जाणार, तो कपाट उघडे कशाला ठेवील? मग वाचक म्हणजे संशयित आणि ग्रंथपाल म्हणजे पहारेकरी.

प्रस्तुत लेखकाने हे अनुभवले आहे. ज्या कॉलेजात शिकलो तिथे ग्रंथालयाला एक खिडकी होती. खिडकीतून चिठ्ठी आत द्यायची आणि पुस्तकाची वाट पाहायची. पण चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहावे लागे आणि मला नावेच माहीत नव्हती! ज्याच्या घरात बापाने, आजाने पुस्तक हाती धरलेले, त्याला नावे घरातूनच मिळतात. ज्याचा बाप गिरणीत, आई धुणीभांडी करणारी, त्याने चिठ्ठीवर काय लिहायचे? पहिले वर्षभर मी पाठ्यपुस्तकाखेरीज काही मागितले नाही. कोणी मज्जाव केला नव्हता. प्रवेश सर्वांना होता, फीमाफी होती, शिष्यवृत्ती होती. फक्त कपाट बंद होते.

१९२५ साली परतल्यावर रंगनाथन यांनी मद्रास विद्यापीठाचे कपाट उघडले. वाचकाने आत यावे, फिरावे, चाळावे, शेजारचे पुस्तक दिसले तर तेही घ्यावे. कामाचे तास वाढवले, सुट्टीच्या दिवशीही दार उघडे ठेवले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. नवख्या वाचकाजवळ जाऊन त्याला काय हवे हे समजून घेणारा माणूस ग्रंथालयात असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. यालाच आज संदर्भसेवा म्हणतात. १९३१ साली त्यांनी आपले प्रसिद्ध पाच सिद्धांत ग्रंथरूपाने मांडले. त्यांचे सार एवढेच, की ग्रंथालयाचा मालक वाचक आहे. त्याच वर्षी मन्नारगुडीला बैलगाडीतून खेड्यापाड्यांत पुस्तके नेणारे ग्रंथालय सुरू झाले, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती.

१९३३ साली त्यांनी कोलन वर्गीकरण आणले. येथे जरा थांबू. अमेरिकेच्या मेल्विल ड्युईच्या दशांश पद्धतीत धर्म या विषयाचा बहुतेक भाग ख्रिस्ती धर्माला दिलेला आहे. जगातले बाकीचे धर्म एकट्या २९० मध्ये कोंबले गेले आणि बौद्ध धम्माच्या वाट्याला आला २९४.३ हा कोपरा. रंगनाथन यांच्या पद्धतीत बौद्ध धर्माला स्वतंत्र अंक मिळाला, चार. पण पहिला आणि दुसरा अंक वैदिक आणि वेदोत्तर हिंदू धर्माला! पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठीसुद्धा निष्पाप नसते. कपाट उघडणाऱ्याच्या मनातली उतरंड तशीच राहू शकते, हेही या चरित्रातून शिकायचे आहे.

पुढे काशीच्या हिंदू विद्यापीठात त्यांनी सुमारे एक लाख पुस्तकांचे वर्गीकरण दीडेक वर्षात केले. दिल्ली विद्यापीठात या शास्त्राचे पदवी शिक्षण उभे केले. १९४८ चा मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा त्यांच्याच खटपटीतून झाला, त्यात ग्रंथालयासाठी कर आहे. आपल्या महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली आला, पण कर वगळून!

१९५७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ग्रंथपालाला अध्यापकाइतके वेतन आणि दर्जा द्यावा, पुस्तकांसाठी दर विद्यार्थ्यामागे १५ रुपये आणि दर अध्यापकामागे २०० रुपये खर्च व्हावेत, असे समितीने सांगितले. गहाळ पुस्तकांचा प्रश्नही कालांतराने बराच सुटला. दर हजार पुस्तकांच्या वापरामागे पाच गहाळ झाली आणि त्यात अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसली, तर ती हानी वाजवी मानावी, असे केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत लिहिलेले आहे. तरीही कुलपे आहेतच.

आता कपाट संगणकात गेले. केंद्र सरकारने २०२४ साली तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची एक राष्ट्र एक सदस्यत्व योजना मंजूर केली. सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना खुली होणार, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पडद्यावरची ती रिकामी चौकट काय विचारते? नाव टाका, विषय टाका. म्हणजे पुन्हा तीच चिठ्ठी! तालुक्याच्या गावी मोबाइल हातात धरून बसलेल्या मुलीला तिथे कोणता शब्द टाकायचा, हे दाखवायला माणूस लागतो. आणि त्याच माणसाची जागा कित्येक महाविद्यालयांत रिकामी आहे, कारभार एखाद्या लिपिकाकडे सोपवलेला. संस्थाचालक म्हणतात, आता सगळे ऑनलाइन आहे, ग्रंथपाल कशाला? ज्यांच्या घरात चार पिढ्या पुस्तके आहेत, त्यांना तो नसला तरी चालते.

रंगनाथन यांनी १९६२ साली बंगलोरला प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभे केले. १९६५ साली ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले आणि २७ सप्टेंबर १९७२ रोजी वारले. त्याआधीच, १९५६ साली, आयुष्यभराची पुंजी असलेले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला देऊन टाकले होते, ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी. त्या अध्यासनाला नाव दिले पत्नीचे, शारदा यांचे.