दिव्यामागचे आकडे

मैत्रिणींनो, फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेतलेली बाई डोळ्यांसमोर येते. सामाजिक कामामुळे माझं दवाखान्यांत सारखं जाणं-येणं असतं, म्हणून असेल, मला मात्र तिचे आकडे जास्त मोलाचे वाटतात.

12 मे 1820 ला जन्मलेली ही श्रीमंताघरची लेक. नर्सिंग तेव्हा हलकं काम, त्यामुळे घरच्यांचा विरोध. तरी नोव्हेंबर 1854 मध्ये 38 जणींना घेऊन ती तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली. क्रिमियाच्या लढाईतले सैनिक तिथे यायचे. धुणं, जेवण, अंथरुणं तिने मार्गी लावली. आणि तरीही माणसं मरतच राहिली! फेब्रुवारी 1855 मध्ये तर शंभरातली 42. जखमांपेक्षा कॉलरा, हगवण, टायफसनेच जास्त. मार्चमध्ये सरकारी स्वच्छता आयोग आला. त्याने इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसली, खेळती हवा आणली. जूनपर्यंत मृत्यू शंभरात दोनांवर आले.

गटारांचा हा वाटा तिला उमगला तो मायदेशी परतल्यावर, आकडेतज्ज्ञ विल्यम फार यांच्याबरोबर हिशेब मांडताना. आपल्याच देखरेखीखाली इतके गेले, हे पचवणं सोपं नाही हो. दुसरी कुणी आकडे झाकून दिव्याचं कौतुक ऐकत बसली असती. हिने 1858 मध्ये त्यांच्या रंगीत आकृत्या छापल्या, वरपर्यंत पोचवल्या, बराकी नि इस्पितळं सुधारायला लावली. तेही बरंचसं आजारपणात, अंथरुणावरून!

भारतात ती कधीच आली नाही. पण इथल्या पाण्या-सांडपाण्यासाठी वर्षानुवर्षं लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. 1910 मध्ये ती गेली, तेव्हा नव्वद वर्षांची होती.