रोख्याच्या पाठीवरची सही

अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेची तिजोरी सांभाळली ती सॅमन चेस यांनी. १८०८ साली जन्मलेले, पळून आलेल्या गुलामांची वकिली करणारे चेस १८६१ साली लिंकन यांचे अर्थमंत्री झाले. फिलाडेल्फियाच्या जेय कूक या पेढीवाल्याकरवी त्यांनी युद्धाचे कर्जरोखे सामान्यांच्या घरापर्यंत नेले. १८६४ अखेर ते सरन्यायाधीश झाले आणि कर्जरोखेच दाव्याच्या रूपाने त्यांच्यासमोर आले.

१८५० च्या तडजोडीत केंद्राने टेक्सासला रोखे दिले होते. पाठीवर गव्हर्नरची सही नसेल, तर ते विकता येत नसत. बंडखोर टेक्सासने १८६२ साली ही अट काढली आणि १८६५ साली १३५ रोखे व्हाइट व चाइल्स यांना दिले. बदल्यात यायच्या होत्या कापूस पिंजायच्या फण्या आणि औषधे. करार मात्र लष्करी मंडळाचा. युद्ध संपल्यावर टेक्सासने रोखे परत मागितले. पण फुटून गेलेले राज्य दावा कसा लावणार?

चेस यांनी १८६९ साली निकाल दिला. टेक्सास संघराज्यातून कधी बाहेर पडलेच नव्हते. सबब बंडासाठी केलेली विक्री रद्द. बिनसहीचा कागद घेणाऱ्याने जोखीमही घेतली, हे कोणताही बँकवाला मान्य करील.

पुढच्याच वर्षी त्यांनी, मंत्री असताना स्वतःच काढलेल्या कागदी नोटा जुन्या कर्जफेडीत सक्तीच्या करणे घटनाबाह्य ठरविले. १८७१ साली न्यायालयाने तो निकाल फिरविला. चेस आपल्या मताला चिकटून राहिले आणि १८७३ साली वारले.