पोरं शाळेत येत नव्हती, म्हणून या बाईंनी शाळाच पोरांच्या अंगणात नेली

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथपासून कळमनुरीपर्यंत कुठल्याही गावात जा, अंगणवाडी कुठंय विचारलं की लहान पोरगंही बोट दाखवतं. पण ही कल्पना रुजवणाऱ्या बाईंचं नाव विचारलं तर फारसं कुणाला सांगता येत नाही.

त्यांचं नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. माहेरचं आडनाव केळकर. घरात प्रार्थना समाजाचे सुधारकी विचार होते, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी आली नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढं अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. त्या काळात घटस्फोटित बाईनं लहान मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणजे काय असेल, याचा अंदाज आपण आज फक्त बांधू शकतो.

ताराबाई राजकोटला गेल्या आणि शिक्षिका घडवणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पगार होता, मान होता. तरी त्यांनी ती नोकरी सोडली. कारण होते गिजुभाई बधेका.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई लहान मुलांसाठी बालमंदिर चालवत होते. छडी नाही, घोकंपट्टी नाही, मुलानं हातानं करून शिकायचं. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पद्धत ते इथल्या मातीत रुजवू पाहत होते. ताराबाई तिथं गेल्या आणि कामात रमल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ताराबाईंनी शिक्षणपत्रिकेचं संपादन केलं, पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी लिहिलं. पुढं मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केलं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पण एक प्रश्न सुटत नव्हता.

माँटेसरीची साधनं महाग. बालमंदिरं शहरात, आणि तिथं येणारी बहुतेक मुलं खात्यापित्या घरची. मग खेड्यातल्या गरिबाच्या पोरानं काय करायचं? याचं उत्तर शोधायला ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी गाठलं. तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातलं हे समुद्राकाठचं गाव. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढं होतं. सोबत आल्या अनुताई वाघ.

बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं, बालवाडी भरली. पण वस्तीवरची गरीब घरातली मुलं काही येईनात. आईबाप दिवसभर मजुरीला, धाकट्या भावंडाला सांभाळायचं काम मोठ्याकडं, वर जातीची भिंत. अशा वेळी पालकांनाच शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं.

ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनं मुलापर्यंत जायचं. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात पोरं गोळा करायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आले. मोजायला शिकायचं तर चिंचोकेही चालतात.

हीच अंगणवाडी.

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या भागात गेलं. तिथं गुरं राखणाऱ्या मुलांची अडचण समोर आली. गुरं सोडून ती शाळेत येणार कशी? मग कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी जोडणारी विकासवाडीही इथंच आकाराला आली. धाकटं भावंड पाळणाघरात राहिलं की थोरल्या बहिणीला वर्गात बसता यायचं.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. पुढचं काम अनुताईंनी नेटानं चालवलं.

ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली. सुरुवात ३३ प्रकल्पांपासून झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. तिच्यात पोषण आहार आला, लसीकरण आलं, आणि ते गरजेचंच होतं. पण हळूहळू लोकांच्या डोक्यात अंगणवाडी म्हणजे खिचडीची जागा, आणि शिक्षण म्हणजे गावाबाहेरची इंग्रजी नर्सरी, असं समीकरण बसलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते सहा वयाच्या मुलांचं शिकणं औपचारिक शिक्षणाच्या रचनेत घेतलं. ताराबाई हेच काम कित्येक दशकं आधी अंगणात बसून करत होत्या.

आजही मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांसोबत लहान पोरं फडावर जातात. ती गावच्या शाळेत दिसत नाहीत. त्यांच्याबाबत ताराबाईंनी पोरं का येत नाहीत असं विचारलं नसतं, आपण तिथं का गेलो नाही असं विचारलं असतं.