कचरागाडीवरचा इंजिनीअर

मुंबईच्या उपनगरांत वस्त्यांना माणसांची नावे द्यायची जुनी रीत आहे. घाटकोपरला पंतनगर, विक्रोळीला कन्नमवारनगर, आणि कुर्ला-चेंबूरच्या मध्ये ठक्कर बाप्पा कॉलनी. नावे रोजच्या तोंडची होतात आणि माणसे मात्र विस्मरणात जातात. मी घाटकोपरचा. ठक्कर बाप्पा कॉलनी म्हणजे चपला-सँडल तयार करणाऱ्या कारागिरांची वस्ती, एवढेच मला कितीतरी वर्षे ठाऊक होते. हे बाप्पा कोण, त्यांचे नाव इथेच का, असा प्रश्नही कधी पडला नव्हता. तो पडल्यावर जे वाचत गेलो, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८६९ चा, भावनगरचा. म्हणजे गांधीजींपेक्षा ते जेमतेम दोन महिन्यांनी लहान. इंजिनीअरिंगचे शिक्षण मात्र त्यांनी आपल्या पुण्यात घेतले आणि १८९० मध्ये ते एल.सी.ई. झाले. त्यानंतर काठेवाडातील संस्थानांत नोकरी, मग तीन वर्षे थेट पूर्व आफ्रिकेत, युगांडा रेल्वेच्या कामावर. परत आल्यावर काही काळ सांगली संस्थानात इंजिनीअर. सांगलीनंतर मुंबई महापालिका. पोटापाण्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या कोणत्याही हुशार इंजिनीअरची असावी, तशी ही हकिगत आहे. मुंबईने तिला वळण दिले.

त्या काळी मुंबईचा कचरा रेल्वेच्या डब्यांत भरून शहराबाहेर चेंबूरच्या बाजूला नेऊन टाकत. आज आपण ज्या हार्बर लाइनवर लोंबकळत जातो, तिचा कुर्ला-चेंबूर हा तुकडा १९०६ च्या सुमारास घातला गेला तो कचरागाड्यांसाठी. प्रवाशांची गाडी त्यावर धावायला १९२४ साल उजाडले. या कचरा वाहतुकीच्या रेल्वेची जबाबदारी ठक्करांकडे आली. रूळ, डबे, वेळापत्रक हे त्यांचे काम. पण डबे भरणारी आणि उपसणारी माणसे त्यांना रोज दिसत होती. घाणीलगतच्या त्यांच्या झोपड्या दिसत होत्या, आणि सावकाराच्या व्याजात बुडालेले त्यांचे पगारही. शहर स्वच्छ ठेवणाऱ्याला शहर शिवून घेत नव्हते.

असे दृश्य पाहून हळहळणारे अधिकारी पुष्कळ असतील. ठक्करांचे वेगळेपण हे, की त्यांनी जाणत्यांचा सल्ला घेतला. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले होते. त्यांच्या कामाशी ठक्करांचा परिचय झाला. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे दुसरे मार्गदर्शक. दया आली की दानधर्म करून मोकळे व्हायचे, या रूढ वाटेने ठक्कर गेले नाहीत. सफाई कामगारांच्या मुलांसाठी शाळा आणि कर्जातून सुटण्यासाठी सहकारी पतपेढी, अशी पक्की, हिशेबी कामे त्यांनी हाती घेतली. यात मला त्यांच्यातला इंजिनीअर दिसतो. पूल बांधायचा तर आधी खालचा खडक तपासायचा, ही सवय त्यांनी समाजकार्यातही सोडली नाही.

१९१४ च्या आरंभी त्यांनी पालिकेची चांगली नोकरी सोडली. वय चव्वेचाळीस. देवधरांनी त्यांना गोखल्यांकडे नेले आणि ते भारत सेवक समाजाचे आजीव सदस्य झाले. चव्वेचाळिसाव्या वर्षी आपण निवृत्तीवेतनाचा हिशेब करू लागतो. यांनी त्या वयात बांधलेला पगार सोडून समाजाच्या तुटपुंज्या मानधनावर संसार मांडला.

पुढची वर्षे दुष्काळामागून दुष्काळ हिंडण्यात गेली. कच्छ, ओरिसा, पंचमहाल. पंचमहालात भिल्लांची दैना पाहून त्यांनी १९२२ मध्ये दाहोदला भील सेवा मंडळ काढले. तेथे तयार झालेल्या कार्यकर्त्यांपैकी लक्ष्मीदास श्रीकांत हे पुढे अनुसूचित जाती-जमातींसाठी घटनेनुसार नेमलेले पहिले आयुक्त झाले. संस्थापकापेक्षा संस्था मोठी व्हावी लागते, आणि ती माणसे घडवूनच होते.

आता या चरित्रातला सर्वांत अवघड भाग. १९३२ मध्ये पुणे करार झाला आणि सप्टेंबरअखेर मुंबईतल्या सभेतून अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय संघटना उभी राहिली. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस ठक्कर. मध्यवर्ती मंडळावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेही नाव होते. गोलमेज परिषदेला निघालेल्या बाबासाहेबांनी नोव्हेंबरमध्ये बोटीवरून ठक्करांना एक सविस्तर पत्र धाडले. संघटनेला मिळालेला इतका नेमका सल्ला क्वचितच कुणी दिला असेल.

त्यांचे म्हणणे असे होते, की चार होतकरू मुलांना शिष्यवृत्त्या, दारूबंदी, वाचनालये यांत शक्ती खर्चून वर्गाचा वर्ग वर येत नाही. विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने यांवरचा हक्क गावोगाव बजावा. त्यातून संघर्ष झाला तरी चालेल. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव आहे, तो उठवा. उच्चवर्णीयांनी आपल्या घरात त्यांना पाहुणे म्हणून, कामावर माणसे म्हणून घ्यावे. आणि संघाचे कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतूनच निवडा, कारण आपल्या माणसांसाठी राबण्यातली कळकळ पगारी नोकराला येत नाही.

हा सल्ला मानला गेला नाही. पत्राची पोचही आली नाही, अशी नोंद बाबासाहेबांनी पुढे आपल्या पुस्तकात केली आहे. ते मंडळातून बाहेर पडले. अस्पृश्यता हे सवर्णांचे पाप, म्हणून प्रायश्चित्तही त्यांनीच घ्यायचे आणि संघही त्यांनीच चालवायचा, ही गांधीजींची भूमिका होती. तिच्यात सचोटी होती, हे कबूल. पण ज्याच्यासाठी संस्था, त्याचे मत संस्थेच्या दाराबाहेर राहिले. ठक्करांनी मात्र गावोगाव हिंडून शाळा, वसतिगृहे, विहिरी उभ्या केल्या. १९३३-३४ च्या गांधीजींच्या देशव्यापी दौऱ्यात ते सावलीसारखे बरोबर होते. त्या वसतिगृहांतून मुले शिकली, हेही खरेच. दोन्ही गोष्टी एकाच चरित्रात बसतात, आणि एकीसाठी दुसरी झाकणे हा त्या माणसावर अन्याय ठरेल.

आदिवासींच्या बाबतीत ठक्कर स्वतः सल्लागाराच्या जागी आले. १९४१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी काळे स्मृती व्याख्यान दिले. आदिवासींना जंगलात वेगळे जपून ठेवावे, या व्हेरियर एल्विन यांच्याशी जोडल्या गेलेल्या मताला त्यांनी तेथे ठाम विरोध केला. ठाणे जिल्ह्यात काम करणारे आदिवासी सेवा मंडळ बाळासाहेब खेरांनी १९४० मध्ये काढले, तेही सेवेच्या याच परंपरेत. पण त्याच ठाणे जिल्ह्यात १९४५ मध्ये वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, ते गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली. आणि गोदावरीबाई या एकेकाळी भारत सेवक समाजाच्याच सदस्य होत्या! सेवा आणि हक्क यांचा जुना वाद एकाच घरातून निघाला होता.

उतारवयात ठक्कर घटना समितीवर आले. आसाम वगळता इतर वगळलेल्या आणि अंशतः वगळलेल्या भागांसाठी नेमलेल्या उपसमितीचे ते अध्यक्ष. या उपसमितीने १९४७ मध्ये सुचवलेली जनजाती सल्लागार परिषद घटनेच्या पाचव्या अनुसूचीत आली. वीसपर्यंत सदस्य, आणि त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश विधानसभेतले आदिवासी आमदार. महाराष्ट्रातही ही परिषद आहे. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. ज्यांच्या भल्यासाठी काम, त्यांनाच सल्ल्याच्या खुर्चीवर बसवा, हे १९३२ मध्ये अनुत्तरित राहिलेले तत्त्व, निदान आदिवासींपुरते, घटनेच्या कागदावर उतरले होते.

जानेवारी १९५१ मध्ये भावनगरला ठक्कर बाप्पांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. आज आपल्या सोसायट्यांत, मंडळांत, ट्रस्टांत सल्लागारांची नावे लेटरहेडवर ओळीने छापलेली असतात. त्या यादीत, ज्यांच्यासाठी संस्था चालते त्यांच्यापैकी किती जण आहेत, एवढे मोजून पाहिले तरी या चरित्राचा उपयोग झाला. आणि रोज पहाटे आपल्या जिन्यातला कचरा नेणाऱ्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का, हा प्रश्न तर त्याहून सोपा आहे.