सर जॉर्ज बीटसन

हाताला जखम झाली तर ती काही दिवसांत भरून येते, हे तुम्ही पाहिले असेल. जखमेच्या कडेच्या पेशी वाढतात. एका पेशीच्या दोन होतात, दोहोंच्या चार होतात. जखम भरली की ही वाढ थांबते. पण कर्करोगात पेशी वाढतच राहतात. पेशींना वाढण्याचा हुकूम कोण देतो? स्कॉटलंडमधील एका डॉक्टरांनी या प्रश्नाच्या उत्तराची एक वाट दाखवली. त्यांचे नाव सर जॉर्ज बीटसन.

बीटसन यांचा जन्म १८४८ साली श्रीलंकेतील त्रिंकोमाली येथे झाला. तेव्हा या बेटाला सिलोन म्हणत. त्यांचे वडील लष्करात डॉक्टर होते. जॉर्ज यांनी केंब्रिज येथे शिक्षण घेतले आणि पुढे एडिंबरो येथे वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला. जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत सुरू करणारे जोसेफ लिस्टर यांच्या हाताखाली त्यांना काम करायला मिळाले.

१८७६ साली एका रुग्णाची देखभाल करण्यासाठी बीटसन पश्चिम स्कॉटलंडच्या ग्रामीण भागात राहिले. काम थोडे आणि वेळ पुष्कळ होता. शेजारच्या शेतावर कोकरांचे दूध तोडण्याचे काम चालू होते. ते पाहून दूध कसे तयार होते, याचा अभ्यास करावा, असे त्यांना वाटले. हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय झाला.

या अभ्यासात त्यांना एक नवलाची गोष्ट कळली. काही देशांतील शेतकरी गाय व्याल्यानंतर तिचे अंडाशय काढून टाकत. अशी गाय जास्त काळ दूध देत राही. बीटसन विचारात पडले. अंडाशय शरीरात एकीकडे आणि दूध तयार करणारे इंद्रिय दुसरीकडे! तरी एकाचा दुसऱ्यावर अंमल चालतो, तो कसा? दूध तयार होताना स्तनातील पेशी भराभर वाढतात, हेही त्यांनी पाहिले होते. कर्करोगातही पेशी अशाच वाढतात. मग या वाढीवरही अंडाशयाचा अंमल असेल काय?

त्या काळी कर्करोग जंतूंमुळे होतो, असे अनेक डॉक्टर मानत. बीटसन यांचा विचार अगदी वेगळा होता. तो त्यांनी जवळजवळ वीस वर्षे मनात जपून ठेवला. या काळात ते ग्लासगो शहरात नामवंत शल्यचिकित्सक झाले.

१८९५ साली त्यांच्याकडे एक ३३ वर्षांची स्त्री आली. ती दोन मुलांची आई होती. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया करूनही रोग परत आला होता आणि इतका पसरला होता, की गाठी कापून काढणे शक्य नव्हते. बीटसन यांनी सारी परिस्थिती समजावून सांगितली, संमती घेतली आणि त्याच वर्षी जून महिन्यात तिचे अंडाशय काढले. गाठींना त्यांनी हातही लावला नाही. तरीही गाठी लहान होत गेल्या आणि आठ महिन्यांनी त्या दिसेनाशा झाल्या. १८९६ साली बीटसन यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. पुढे रोग उलटला आणि त्या स्त्रीचा मृत्यू झाला. पण ज्या आईला काही महिन्यांचीही आशा नव्हती, तिला सुमारे चार वर्षे मिळाली.

इतर डॉक्टरांनीही हा उपाय करून पाहिला. तेव्हा सुमारे एकतृतीयांश स्त्रियांनाच गुण आला. बाकीच्यांना का आला नाही, हे कोणालाच सांगता येईना.

याचे उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला. १९०५ साली स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी संप्रेरकांना 'हॉर्मोन' हे नाव दिले. अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते, हे पुढे समजले. पण रक्त तर सर्व शरीरात फिरते! मग हे संप्रेरक ठरावीक पेशींवरच परिणाम का करते? १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील शिकागो येथे एलवुड जेन्सन यांनी हे कोडे सोडवण्यास सुरुवात केली. काही पेशींत इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे प्रथिन असते, असे त्यांना आढळले. या प्रथिनाला ग्राही म्हणतात.

हे समजण्यासाठी रेडिओ आठवा. त्याच्या लहरी घरात सगळीकडे असतात. कपाट गप्प राहते. रेडिओ मात्र बोलू लागतो, कारण लहरी पकडण्याची सोय त्याच्याजवळ असते. ग्राही हा पेशीचा रेडिओच समजा. इस्ट्रोजेन त्याला चिकटले, की ही जोडी पेशीच्या केंद्रकातील जनुके कामाला लावते आणि पेशी वाढू व विभागू लागते. ज्या गाठीत हे ग्राही नसतात, तिला इस्ट्रोजेनचा हुकूम ऐकूच येत नाही. म्हणून बीटसन यांचा उपाय सर्वांना लागू पडला नाही.

आता स्तनाच्या कर्करोगात गाठीचा तुकडा तपासून त्यात ग्राही आहेत की नाहीत, हे आधी पाहतात. दहापैकी सुमारे सात रुग्णांच्या गाठीत ते सापडतात. अशा रुग्णांसाठी टॅमॉक्सिफेन हे औषध ब्रिटनमध्ये १९७३ सालापासून वापरात आले. हे औषध ग्राहीची जागा अडवून बसते. मग इस्ट्रोजेनला तेथे जागाच मिळत नाही.

बीटसन यांनी रुग्णसेवेची इतर कामेही मनापासून केली. अपघातात सापडलेल्यांना प्रथमोपचार देणाऱ्या संस्थेचे आणि स्कॉटलंडच्या रेडक्रॉसचे त्यांनी नेतृत्व केले. १९०७ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९३३ साली ते मरण पावले. तोवर ग्राही हा शब्द त्यांच्या उपायाशी कोणी जोडला नव्हता. आपला उपाय का लागू पडतो, हे त्यांना शेवटपर्यंत पूर्ण कळले नाही.

ग्लासगोमधील कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयाला आज त्यांचे नाव आहे. मित्रांनो, कोकरांचे दूध तोडताना पुष्कळ लोकांनी पाहिले होते. बीटसन यांनी ते पाहून प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मिळवण्यासाठी वीस वर्षे धीर धरला. म्हणूनच आज असंख्य घरांत आई आपल्या मुलांजवळ आहे.