बंद दार उघडणारा वकील

विद्यार्थी मित्रांनो, वकील, कायदा, अर्ज, सनद हे शब्द तुम्हांला उर्दूमुळे ओळखीचे आहेत. मराठीतही ते रोज वापरले जातात. आज आपण अमेरिकेतील एका थोर वकिलाची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव थरगूड मार्शल.

२ जुलै १९०८ रोजी मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत नोकरी करत. आई शिक्षिका होत्या. लहानपणी थरगूड फार खोडकर होते. शाळेत खोडी केली की राज्यघटना पाठ करण्याची शिक्षा मिळे. अशा शिक्षा इतक्या झाल्या की राज्यघटना त्यांना तोंडपाठ झाली! तीत सर्वांना कायद्याचे समान संरक्षण दिलेले होते. शहरात मात्र काळ्या मुलांची शाळा वेगळी आणि गोऱ्या मुलांची वेगळी. पुस्तकातील वचन आणि बाहेरचा व्यवहार यांचा मेळ बसत नव्हता.

अमेरिकेत वकील होण्यासाठी सामान्यपणे आधी पदवी घ्यावी लागते. मग तीन वर्षे कायद्याचे शिक्षण आणि शेवटी सनदेची परीक्षा. १९३० साली थरगूड पदवीधर झाले. मेरीलँड विद्यापीठाचे कायदा महाविद्यालय त्यांच्याच शहरात होते, पण तेथे काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. म्हणून त्यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात नाव घातले. फी भरण्यासाठी आईने आपल्या लग्नाची आणि साखरपुड्याची अंगठी गहाण ठेवली. थरगूड रोज पहाटे उठून रेल्वेने सुमारे ६० किलोमीटर जात आणि रात्री परत येत. तेथील प्रमुख चार्ल्स ह्यूस्टन अतिशय कडक शिक्षक होते. अन्यायाविरुद्ध कायदा कसा वापरावा, हे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना शिकवले. १९३३ साली थरगूड पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले.

त्यांनी बाल्टिमोरमध्ये वकिली सुरू केली. मंदीचे दिवस होते. गरीब पक्षकारांकडे फी द्यायला पैसे नसत, तरी मार्शल त्यांचे खटले चालवत. लवकरच डोनाल्ड मरे नावाच्या तरुणाचा खटला त्यांच्याकडे आला. मेरीलँडच्या त्याच कायदा महाविद्यालयाने रंगामुळे मरे यांना प्रवेश नाकारला होता. मार्शल आणि त्यांचे गुरू ह्यूस्टन दोघेही न्यायालयात उभे राहिले. त्या काळी समान सोयी असतील तर काळ्या लोकांना वेगळे ठेवता येते, असे न्यायालये मानत. मार्शल यांचा मुद्दा साधा होता. काळ्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात दुसरे कायदा महाविद्यालयच नाही, मग समानता कोठे आहे? १९३५ साली न्यायालयाने मरे यांना प्रवेश देण्याचा हुकूम केला. १९३६ साली वरच्या न्यायालयानेही तो कायम केला. जे दार मार्शल यांच्यासाठी बंद होते, ते त्यांनी दुसऱ्यासाठी उघडले.

पुढचा मार्ग सोपा नव्हता. १९४६ साली टेनेसी राज्यात एका खटल्याच्या वेळी जमावाच्या हातून ते थोडक्यात बचावले. तरीही ते मागे हटले नाहीत. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की सरकारी शाळांत मुलांना रंगावरून वेगळे ठेवणे घटनाविरोधी आहे. हा खटला लढवणाऱ्या वकिलांचे प्रमुख मार्शल होते. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी ३२ खटले चालवले आणि त्यांपैकी २९ जिंकले. १९६७ साली ते त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. १९९१ साली ते निवृत्त झाले आणि २४ जानेवारी १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

१९८० साली मेरीलँडच्या कायदा महाविद्यालयाने आपल्या ग्रंथालयाला मार्शल यांचे नाव दिले. त्या समारंभाला ते गेले नाहीत.

मित्रांनो, कायद्याच्या समान संरक्षणाचे वचन आपल्या राज्यघटनेच्या कलम १४ मध्येही आहे. ते नीट वाचा, समजून घ्या. आणि तुमच्या शिक्षणासाठी घरात कोणी आपली एखादी हौस बाजूला ठेवली असेल, तर मार्शल यांच्या आईच्या त्या अंगठ्या विसरू नका.